खाडीतून निघून महाबळेश्वरला: सह्याद्री खालून वर बघताना

महाबळेश्वरला आपण सगळेच कधी ना कधी जातो, पॉइंटवर उभं राहून खाली धुक्यात कोकण बघतो, फोटो काढतो आणि परत येतो. मला बरीच वर्षं वाटत होतं की हे एकदा उलटं करायचं. म्हणजे खाडीच्या चिखलातून निघायचं, थांबत थांबत वर चढायचं आणि प्रत्येक उंचीवर बघायचं की इथे काय उगवतं, आणि ते उगवतं म्हणून कोणाला काय मिळतं. शेवटी या वर्षी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जमलं. आम्ही तिघं, एक गाडी, पाच दिवस. दाभोळची खाडी, चिपळूण, पोफळी, कुंभार्ली घाट, कोयनानगर, पाटण, सातारा, कास, मेढा, महाबळेश्वर आणि मग पाचगणीवरून उतरून वाई, असा रूट.

सामान फार नव्हतं. मोबाईलवर उंची दाखवणारं ॲप, एक साधं थर्मामीटर, हातभिंग, आणि पत्र्याचा एक डबा ज्याची दोन्ही तोंडं कापून टाकलेली. हा डबा मातीत दोन बोटं दाबायचा, वरून एक लिटर पाणी ओतायचं आणि जिरायला किती वेळ लागतो ते बघायचं, इतकंच. तुम्हीही जाणार असाल तर बाकी काही विसरलात तरी चालेल पण हा डबा घ्या, कारण पाच दिवसात मला सगळ्यात जास्त त्यानेच शिकवलं. कापलेल्या कडा मात्र कानशीने घासून घ्या, आमच्यापैकी एकाचा हात पहिल्याच दिवशी कापला.

निसर्गाकडून माणसाला जे जे मिळतं त्याला हल्ली इकोसिस्टम सर्व्हिसेस म्हणतात, मराठीत परिसंस्था सेवा. २००५ च्या मिलेनियम इकोसिस्टम असेसमेंट या जागतिक अभ्यासाने त्याचे चार भाग केले: थेट मिळणाऱ्या वस्तू म्हणजे पाणी, मध, लाकूड, मासे, मग पूर, हवा, धूप यांचं नियमन, माती तयार होणं, अन्नद्रव्यांचं चक्र वगैरे पायाभूत कामं, आणि चौथं म्हणजे देव, सण, विरंगुळा, मनाला मिळणारं. सह्याद्रीत हे सगळं एकाच जागी मिळत नाही, उंची बदलली की मिळणारी वस्तू बदलते. आणि जिथे तयार होतं तिथला माणूस वेगळा, वापरणारा वेगळा, बऱ्याचदा हजार मीटर खाली राहणारा. मला हेच डोळ्यांनी बघायचं होतं.

पहिला दिवस वाया जाता जाता वाचला. कांदळवन, म्हणजे खारफुटीचं रान, बघायचं म्हणून दुपारी चारच्या सुमाराला दाभोळ खाडीच्या काठावर पोचलो तर सगळी झाडं गळ्यापर्यंत पाण्यात, मुळं नाहीत, चिखल नाही, काहीच दिसत नाही. फेरीबोटीच्या धक्क्यावर एक काका जाळं विणत बसले होते, ते म्हणाले "आज तिथी कुठली? षष्ठी ना, मग साडेचारला भरती. तुम्ही बरोबर भरतीलाच आलात." तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे त्यांनी सांगितलं. षष्ठी म्हणजे सहा, त्याचे पाऊणपट साडेचार, त्यात सहा तास मिळवले किंवा वजा केले की ओहोटी. पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतात पण प्लॅन करायला पुरतं. नक्की वेळ हवी असेल तर भरतीचं वेळापत्रक मोबाईलवर मिळतंच. म्हणून सल्ला असा की कांदळवन बघायचं तर पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोचा, आणि त्यासाठी मुक्काम खाडीजवळच करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाअकराला ओहोटी होती, दहालाच जाऊन बसलो. पाणी उतरायला लागलं तशी तिवराची श्वसनमुळं वर यायला लागली, पेन्सिली उभ्या रोवून ठेवाव्यात तशी, एकेका झाडाभोवती शेकडो. चिपीची मुळं त्याहून जाड, शंकूसारखी. पांढरी चिपी म्हणजे महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष, २०२० मध्ये जाहीर झाला. चिखलात ऑक्सिजन जवळजवळ नसतो म्हणून ही मुळं हवेत नाक काढून बसतात. त्या मुळांच्या गर्दीत पाण्याचा वेग मरतो, वाहून आलेला गाळ खाली बसतो आणि काठ भरत जातो. भिंगातून बघितलं तर मुळावर बारीक गोगलगायी, छोटे कालव चिकटलेले, खाली खेकड्यांची बिळं, आणि उरलेल्या डबक्यात बोटाच्या पेराएवढी कोळंबीची पिल्लं. ही पिल्लं इथे वाढतात आणि मग समुद्रात जातात, म्हणजे बंदरावर जी कोळंबी विकली जाते तिचं बालपण या चिखलात गेलेलं असतं. दोन ताई कोयता आणि टोपली घेऊन कालवं काढत होत्या, त्यांना विचारलं की झाडं तोडली तर काय होईल, तर त्यातली एक हात न थांबवता म्हणाली "मग आमी काय काढू?" यापेक्षा नीट उत्तर मला कुठल्या रिपोर्टात मिळालेलं नाही.

इथे जाताना हे लक्षात ठेवा: चिखलात चप्पल-सँडल घालून जाऊ नका, रुतून बसते, पायाला घट्ट बसणारे जुने कॅनव्हासचे बूट चांगले. श्वसनमुळांवर पाय देऊ नका. आणि या खाडीत, म्हणजे वाशिष्ठी नदीच्या खाडीत, मगरी आहेत, चिपळूणच्या बाजूला तर बऱ्यापैकी, त्यामुळे पोहायला उतरायचं नाही, काठावर एकट्याने बसायचं नाही आणि गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय पाण्याच्या जवळ जायचं नाही.

दुपारी खाडी सोडून चिपळूणच्या अलीकडच्या सड्यावर चढलो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, उंची जेमतेम शंभर-दीडशे मीटर. लांबून बघणाऱ्याला ओसाड वाटतो, सरकारी कागदावर पण बऱ्याच ठिकाणी पडीक म्हणूनच लागतो, आणि मला याचा खरंच त्रास होतो, कारण सप्टेंबरात तिथे उभं राहिलं की पायाखाली सीतेची आसवं नावाच्या फुलांचा जांभळा-निळा गालिचा असतो, मध्ये पांढरे गेंद, कडेला तेरडा. कातळाच्या खळग्यात बोटभर माती आणि बोटभर पाणी, त्यात ही सगळी झाडं दोन-तीन महिन्यात आयुष्य उरकतात. मातीत नायट्रोजन इतका कमी की सीतेची आसवं पाण्यातले बारीक जीव पकडून खातात. पण सड्याचं मोठं काम दिसत नाही. जांभा सच्छिद्र असतो, पडलेल्या पावसातला काही भाग भेगांमधून आत उतरतो आणि सड्याच्या पायथ्याला झऱ्यातून, विहिरीतून बाहेर येतो. कोकणात कितीतरी वाड्या बरोबर सड्याच्या पायथ्यालाच का वसल्यात याचं कारण तेच. वर सडा कापून चिऱ्याची खाण काढली किंवा सिमेंट ओतलं की खाली विहीर लवकर आटते, आणि खालच्या माणसाला कळतही नाही की वर काय झालं.

त्याच संध्याकाळी एका देवराईत गेलो. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, तिथे गर्दी व्हायला नको. उंची सड्याएवढीच, पाऊस तोच, दगड तोच, पण आत शिरल्यावर थर्मामीटर तीन अंशांनी उतरलं. बेहडे, सातवीण, वर चढलेल्या गारंबीच्या वेली, खाली पालापाचोळ्याचा इतका थर की पाय टाकल्यावर आवाज येत नाही. मी डबा काढला तर देवळाच्या पायरीवर बसलेल्या आजी उठल्या. "काय खुपसतंस रं? देवाच्या रानात काय खुपसायचं नाय. हितलं पानसुद्धा आमी घरी नेत नाय." मी डबा पिशवीत ठेवला, माफी मागितली. मग त्यांनीच देवळामागचा झरा दाखवला, दगडी कुंडात पडणारी मनगटाएवढी धार, आणि तिथून काळा पाइप खाली वाडीत गेलेला. मे महिन्यातही असते का विचारलं तर म्हणाल्या बारीक होते पण तुटत नाही, त्यांच्या सासूबाईंच्या वेळेपासून तुटलेली नाही.

पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया हिंडून त्यांच्यावर लिहिलं, तेव्हापासून अभ्यासकांना त्यांचं महत्त्व माहीत आहे. आजींना ते त्याच्या आधीपासून माहीत होतं.

डब्याचा प्रयोग मग देवराईच्या बाहेर केला, शेजारच्या खाजगी रानाच्या कडेला मालकाला विचारून. पाचोळा बाजूला न करता डबा दाबला, पाणी ओतलं, मोबाईलवर स्टॉपवॉच लावेपर्यंत पाणी गायब. परत ओतलं, परत तेच. तिथून पन्नास पावलांवर नवी काजूची लागवड होती, जमीन जेसीबीने साफ केलेली, दोन झाडांच्या मध्ये लाल उघडी माती. तिथे तोच डबा, तेवढंच पाणी. आम्ही फ्लास्कमधला चहा ओतला, प्यायलो, कप धुतले, तरी डब्यात पाणी उभं होतं. पन्नास पावलांचं अंतर, उंचीत काहीच फरक नाही. उघड्या मातीवर पावसाचे थेंब सरळ आपटतात, बारीक कण उडून छिद्रं बुजवतात, वर पापुद्रा धरतो, आणि मशीन फिरलं असेल तर खाली माती दाबलेली असते. जंगलात तेच थेंब पानावर, मग फांदीवर, मग पाचोळ्यावर पडत खाली येतात आणि खाली गांडुळांनी, वाळवीने, कुजलेल्या मुळांनी केलेली बिळं तयार असतात. काजू लावणाऱ्याला दोष देत नाहीये, त्याला त्यातून पैसे मिळतात आणि रानातून काही मिळत नाही, हा खरा प्रश्न आहे. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल अगदी थोडं, बहुतेक झाडोरा खाजगी मालकीचा, आणि झरा मात्र सगळ्या वाडीचा. रान राखणाऱ्या मालकाला खालच्या वाडीने किंवा सरकारने काहीतरी द्यायला हवं असं माझं स्पष्ट मत झालंय.

तिसऱ्या दिवशी घाट. चिपळूणहून पोफळीला आलात की डोक्यावर सह्याद्रीची भिंत उभी राहते. अरबी समुद्रावरून आलेले ढग इथे अडतात, वर ढकलले जातात, वर गेले की थंड होतात आणि रिकामे होतात, हे शाळेत शिकलेलं असतं पण पोफळीत मान वर करून बघितल्यावर ते नुसतं शिकलेलं राहत नाही. आणि याच भिंतीचा दुसरा उपयोग पोफळीतच आहे. कोयना धरणाचं पाणी खरं पूर्वेला कृष्णेत जाणारं, ते बोगद्यांनी पश्चिमेला वळवून साडेचारशे मीटरहून जास्त खाली सोडतात, त्यावर डोंगराच्या पोटात टर्बाइन फिरतात. सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॅट. उंचीमुळे पडलेला पाऊस, उंचीवर अडवलेला, आणि परत उंचीनेच वीज दिलेली. तेच पाणी पुढे वाशिष्ठीतून त्याच खाडीत येतं जिथे आम्ही कालवं काढणाऱ्या ताईंना भेटलो.

कुंभार्ली घाट सावकाश चढा. मध्ये तीन-चार ठिकाणी गाडी नीट बाजूला घेता येते, तिथे थांबून झाडं बघा. खाली ऐन, किंजळ, साग, म्हणजे उन्हाळ्यात पानं टाकणारी झाडं, जसजसं वर जाल तसतशी हिरवी राहणारी वाढतात, आणि उतारांवर कारवीचं दाट रान. कारवीकडे नीट बघा. माणसाच्या उंचीच्या काठ्या, एकमेकीत गुंतलेल्या, उभ्या उतारावर जिथे मोठं झाड टिकत नाही तिथे ही माती धरून ठेवते. काही वर्षं नुसती वाढते आणि मग एकदम सगळीकडे फुलते, साधारण आठ वर्षांनी, फुलली की मधमाश्यांची चंगळ, आणि बी टाकून मरते. तिच्या काठ्या शेणामातीने लिंपून घरांच्या भिंती करतात.

इथेच एक गोष्ट सांगायला हवी, कारण झाडं लावली की दरडी थांबतात असं सरसकट बोललं जातं. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात एका दिवसात जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस पडला, चिपळूण पाण्याखाली गेलं, पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगावला दरडी कोसळून माणसं गेली, महाडजवळ तळीयेला गेली. इतक्या पावसात झाडं असलेले उतारही सुटतात. मुळं वरचा मीटर-दीड मीटर धरतात, त्याखाली माती आणि दगडाच्या मधे पाणी साचून अख्खा थरच घसरला तर झाड काही करू शकत नाही. नेहमीच्या पावसात मात्र धूप, छोटे घसारे, गाळ यावर झाडोऱ्याचा फरक खूप मोठा पडतो. म्हणून पावसाळ्यात या घाटातून जाणाऱ्यांनी झाडी दाट आहे म्हणून निर्धास्त राहू नका. मोठ्या पावसाचा इशारा असेल तर घाट टाळा, रात्री तर नकोच, आणि उताराखाली गाडी लावून जेवायला बसू नका.

कोयनानगर सहाशे मीटरच्या आसपास. मुक्काम केला. पावसाळ्यात पेपरात रोज येतं ना, कोयनानगर इतके, नवजा इतके, महाबळेश्वर इतके मिलिमीटर, त्यातलं नवजा इथून जवळ, ओझर्डे धबधबा त्याच बाजूला. हा भाग कोयना अभयारण्य, चांदोलीसोबत मिळून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, त्यामुळे कुठे जाता येतं, कधी बंद असतं ते वनविभागाकडे आधी विचारून घ्या, वाटेत मनाने आत शिरू नका. जळवा भरपूर. लांब मोजे पँटच्या वर ओढा, तंबाखूचं पाणी किंवा मीठ जवळ ठेवा, चिकटली तर ओढून काढू नका, मीठ लावलं की सुटते. जंगलाच्या कडेचा एक ओढा बघितला, आदल्या रात्री धो धो पाऊस होऊनही पाणी काचेसारखं. त्याच सकाळी रस्त्याच्या कामाखालून येणारा ओहोळ चहासारखा लाल. दोन्ही शेवटी धरणातच जाणार. धरणाच्या पाणलोटात जंगल आहे म्हणजे गाळ कमी, गाळ कमी म्हणजे धरणाचं आयुष्य जास्त.

चौथा दिवस पाटणवरून साताऱ्याला आणि मग कास. वाटेत डोंगरमाथ्यावर पवनचक्क्यांची रांग दिसते, वनकुसवडे, चाळकेवाडीचा भाग, हीसुद्धा उंचीचीच देणगी, वारा. त्याच्यासाठी पठारांवर जे रस्ते कापले त्याने पाण्याचे बारीक प्रवाह तुटलेत, ते रस्त्याच्या एका बाजूला तळी आणि दुसऱ्या बाजूला कोरडं यावरून सरळ दिसतं.

कासबद्दल सगळ्यांनी इतकं लिहिलंय की फुलांची यादी देत नाही. मला तिथे काय लागलं ते वेगळं. कासचं पठार बाराशे मीटरवर, आणि खाली कातळ तोच, जांभा! दोन दिवसांपूर्वी शंभर मीटरवर जो सडा बघितला तोच दगड, तेच खळगे, तीच सीतेची आसवं, तेच गेंद. म्हणून दोन्ही लागोपाठ बघा, कारण मग उंचीने काय बदललं ते वेगळं काढता येतं. खालच्या सड्यावर दुपारी ३१ अंश होते, कासला त्याच वेळेला २२. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात तर हिशोब सातेक अंशांचा होतो, उरलेला त्या दिवशीच्या ढगाचा. थंडी आणि धुक्यामुळे इथली माती ओली जास्त दिवस राहते, खालचा सडा वाळला तरी इथे सोनकी, तेरडा, कवला चालूच. शिवाय मधमाश्या, भुंगे, फुलपाखरं, म्हणजे आजूबाजूच्या सगळ्या रानाला आणि शेताला परागीभवन करणारी फौज इथे पोसली जाते. शेजारच्या कास तलावाचं पाणी सातारा शहराला जातं. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ज्या ३९ जागा जागतिक वारसा यादीत गेल्या त्यात कास आहे, कोयना, चांदोली, राधानगरीही आहेत. खालच्या सड्यांना तसलं काहीच संरक्षण नाही.

कासला जायचं तर शनिवार-रविवार टाळा, सीझनमध्ये ऑनलाइन बुकिंग आधी करा, सकाळी लवकर पोचा. ऊन पडल्याशिवाय बरीच फुलं नीट उमलत नाहीत पण धुकं कधी उतरेल सांगता येत नाही, म्हणून तीन-चार तास हाताशी ठेवा. वाटेवरूनच चाला. फोटोसाठी फुलात बसणारे बघितले की जीव तुटतो, कातळावरची ती बोटभर माती तयार व्हायला किती काळ लागला असेल आणि ती एका बैठकीत निघते. डबा इथे काढूसुद्धा नका. तिथल्या एका गाववाल्या दादांशी बोललो, ते म्हणाले गुरांची चराई पूर्ण बंद केली की उंच गवत माजतं आणि छोटी फुलं दबतात. मला त्यात तथ्य वाटलं, ही पठारं माणूस आणि गुरं वगळून घडलेली नाहीत.

पाचव्या दिवशी मेढा, केळघर घाट आणि महाबळेश्वर. साडेतेराशे मीटर. पावसाची वार्षिक सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर. इथलं जंगल पहिल्यांदा बघणाऱ्याला बुटकं वाटतं, अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा, सगळी झाडं वाऱ्याने आणि उथळ मातीने खुजी ठेवलेली, पण बहुतेक बारमाही हिरवी. आम्ही मुद्दाम पॉइंट सोडून रानातल्या पायवाटेने धुक्यात चाललो. पाऊस नव्हता. तरी झाडाखाली टप टप चालू होतं आणि मोकळ्या जागेत येऊन बघितलं तर काही नाही. अंजनीच्या एका फांदीला बोटभर शेवाळ, त्यात नेचे, एक ऑर्किड. भिंग लावलं तर शेवाळाच्या प्रत्येक टोकाला धुक्याचा एक थेंब, थेंब मोठा होतो, खालच्याला मिळतो, फांदीवरून घरंगळतो आणि पडतो. हात खाली धरला, दोन मिनिटात तळवा ओला. म्हणजे जे पाणी पाऊस म्हणून कधी पडलंच नसतं ते हे जंगल हवेतून गाळून खाली देतंय. उंचीने ढग आणला, पण ढगातून ते पाणी काढायला शेवाळलेली फांदी लागते. मला पाच दिवसात शोधायचं होतं ते मला तिथे मिळालं आणि मी बराच वेळ तिथून हललो नाही.

डबा रानाबाहेर, पाचोळ्याच्या कडेला लावला. लगेच जिरलं. मग स्ट्रॉबेरीच्या शेताच्या कडेला, जिथे माणसं ये-जा करतात तिथे, मालकाला विचारून लावला. बराच वेळ. तेव्हा लागवडीची धांदल होती, गादीवाफ्यांवर प्लॅस्टिक पसरलेलं. स्ट्रॉबेरी इथे होते ती उंचीच्या थंडीमुळेच, २०१० मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिला पाणी लागतं ते रानातून, चांगलं फळ धरायला मधमाश्या लागतात त्याही रानातून, आणि क्षेत्र वाढवायचं तर रानालाच हात लागतो. जवळचं मांघर गाव २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. मध घेताना कुठल्या फुलोऱ्याचा ते विचारा, जांभळाचा, हिरड्याचा, गेळ्याचा असा वेगवेगळा असतो, कडवटपणा आणि रंग बदलतो, आणि चव घेताना तुम्ही खरं तर त्या वर्षी कुठलं रान फुललं ते चाखत असता.

जुन्या महाबळेश्वरात पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री या पाचही नद्यांचा उगम मानतात. सावित्री पश्चिमेला उतरून बाणकोटला समुद्राला मिळते, कृष्णा पूर्वेला सुमारे १,४०० किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला. गोमुखातून येणाऱ्या त्या धारेपाशी लोक हात जोडत होते. मीही जोडले, मनापासून.

मग पाचगणी. हा टप्पा कंटाळा आला म्हणून उरकू नका, कारण महाबळेश्वर ते पाचगणी जेमतेम अठरा-वीस किलोमीटर, उंची जवळपास तीच, आणि पाऊस साधारण एक तृतीयांश. ढग रिकामे होऊन आलेले असतात. खिडकीतून बघत राहा, शेवाळ संपतं, झाडं विरळ होतात, पसरणी घाटात तर खाली गवताळ, काटेरी झुडपांचे उतार, आणि वाईत सातशे-आठशे मिलिमीटरचा मुलूख. म्हणून नुसती उंची बघून चालत नाही, डोंगराची कुठली बाजू हेही बघावं लागतं. वाईच्या घाटावर संध्याकाळी पोचलो, कृष्णेला पाणी होतं, पायऱ्यांवर पोरं उड्या मारत होती, आणि वर आकाश एकदम कोरडं.

आता वेळेचं. पाच दिवस नसतील तर खाडी आणि सडा एक दिवस, मग थेट महाबळेश्वर-वाई दुसऱ्या दिवशी, असं दोन दिवसात करा, कोयना आणि कास वेगळ्या फेरीसाठी ठेवा. उलटं, म्हणजे वरून खाली, करू नका, फरक तितका जाणवत नाही. सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा सगळ्यात बरा. शक्य असेल तर तोच रूट एप्रिलच्या शेवटी परत करा, मी करणार आहे, कारण देवराईतली ती धार तेव्हा किती उरते ते मला बघायचंय. आजींना तसं सांगूनही आलोय.